मधला पत्रा

वर्षभर खपून चंदनने कॉलेजच्या पोरांसोबत रेसची गाडी बनवली, तीही एकाच अटीवर: चालवणार तोच. स्पर्धेच्या तपासनीस साहेबांनी वाकून पाहिलं. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या पाठीला खेटून होती. "दोघांमध्ये पोलादी पत्रा टाका, नाहीतर गाडी बाद." चंदनने नशिराबादहून पत्रा आणून बसवला. सीट पुढे सरकली आणि भरितावर पोसलेलं पोट स्टिअरिंगला अडकलं. "टाकीच मागे घ्या ना," तो श्वास रोखून म्हणाला. "टाकी वेल्ड करेल शे, भो, ती आता हलणार नाही," टीमचा कॅप्टन योगेंद्र म्हणाला. "तूच हाल." चंदन उतरला. टीममधली काडीसारखी मयुरी सीटवर अलगद मावली. "आता ड्रायव्हर सुरक्षित!" साहेबांनी सही ठोकली. योगेंद्रने पेट्रोलचा गळका कॅन चंदनच्या हाती दिला. "टाकी भर." शर्ट भिजला. "माझ्या आणि पेट्रोलच्या मध्ये पत्रा नको का?" हेल्मेटमधून मयुरी म्हणाली, "तू आता कुठे ड्रायव्हर?"