सोडायला

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी उज्ज्वला सासरी नगरला निघाली. करमाळ्याच्या स्टँडवर गाडीत चढताना तिने उगाच मागे वळून पाहिलं.

तिला सोडायला यायचं म्हटलं की तिचे वडील, भांडीवाले तात्या, भरल्या बाजाराच्या दिवशीही दुकान बंद करायचे. गाडी लागली रे लागली की खिडकीतून टोपी टाकून जागा धरायचे आणि कंडक्टरला बजावायचे, "पोरगी एकटी आहे, लक्ष असू द्या." पोरगी पन्नाशीला टेकलेली. तिला भारी लाज वाटायची.

आज गाडी खच्चून भरली होती. ओळखीच्या कंडक्टरने तिकीट देताना विचारलं, "ताई, उभ्या का? तात्या नाही आले सोडायला?"

इतके दिवस ती आल्यागेल्याला सगळं नीट सांगत होती. झटका कसा आला, दवाखाना गाठेपर्यंत कसं संपलं. आता मात्र जीभ रेटेना.

"घरी आहेत," ती म्हणाली. "गुडघे दुखतात."

"वयच झालं की आता. बसा माझ्या जागेवर. आणि नमस्कार सांगा त्यांना."

"सांगते," म्हणत ती बसली, आणि गाडी सुटताच खिडकीकडे तोंड करून ढसाढसा रडली.