ऑर्फा मम्मांचा नाश्ता

"जिन्याकडचं दार लावू नकोस गं," वेल्डा म्हणाली. "वास वर जायला हवा. मम्मा वाट बघत असतात."

ग्वेननं लोटलेलं दार पुन्हा उघडलं आणि ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकली. तिचा नवरा महिन्यापूर्वीच पूर्व केंटकीतल्या या खोऱ्यात पाद्री म्हणून आला होता. घरात कुणी आजारी असलं की तिथं जाऊन विचारपूस करायची, हे काम तिच्याकडे होतं. आज हेन्स्लींच्या घरची पाळी. म्हातारी ऑर्फा हेन्स्ली फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका येऊन अंथरुणाला खिळली होती. तिचं सगळं सून वेल्डा करत होती.

सून आता नाश्त्याच्या बिस्किटांसाठी, म्हणजे इथल्या मऊ, फुगीर पावांसाठी, बिडाच्या तव्यात बेकनचे काप परतत होती. चरबी सुटली तशी तिनं सेज या सुगंधी झुडपाची मूठभर पानं चुरून तव्यात टाकली. पानं तडतडली आणि खमंग वास घरभर झाला.

"आधी चरबीत परतायची होय? मी तर कच्चीच घालते," ग्वेन म्हणाली.

"मीही एकतीस वर्षं कच्चीच घातली. मम्मांनी कधी सांगितलं नाही. त्या करायला लागल्या की मला अंड्यांच्या नावाखाली खुराड्याकडे पिटाळायच्या."

"अगं बाई!"

"लग्नानंतरच्या पहिल्या ईस्टरला मी बिस्किटं केली होती. सगळं गोत जमलेलं. मम्मांनी एक उचललं, टेबलावर ठक्‌कन आपटलं नि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, हॉयट, दार वाऱ्यानं आपटतंय ना, त्याला हे लाव." वेल्डा हसली. "हॉयटनं लावलं की! दिवसभर दार हललं नाही."

ग्वेनला हसावं की नाही कळेना. "आणि तरीही तुम्ही त्यांच्यासाठी रोज करता?"

"रोज. सोमवार ते शुक्रवार. शनिवारी हॉयट ट्रक घेऊन घरी येतो. मग दोन दिवस ओव्हनला सुट्टी."

तिनं मैद्यात थंड लोणी चिमटीनं मोडलं. बेकनचा चुरा, सेज, कांद्याची बारीक पात घातली, ताक ओतलं आणि दोन हात फिरवून पीठ फळीवर घेतलं. घडी घालून थापलं, पुन्हा घडी घातली. पत्र्याच्या डब्यानं गोल पाडताना डबा सरळ दाबून सरळच उचलला.

"फिरवायचा नाही बघ. फिरवला की कड मिटते नि बिस्किट फुगत नाही. हेही माझं मलाच कळलं. सुरुवातीची पंधरा दिवसांची डुकरांनी खाल्ली."

"जमलंय हे त्यांना सांगता येतं का? बोलतात?"

"थोडं बोलतात, घोगरं. पण सांगावं लागत नाही. बरोबर जमलं ना, की डोळ्यांतून पाणी यायला लागतं."

ग्वेनच्याच डोळ्यांत पाणी आलं. तिनं रुमाल काढला.

"दात आहेत त्यांना?"

"सगळे शाबूत."

"आणि भूक?"

"भुकेचं विचारूच नकोस. मी तवा ठेवायच्या आत जाग्या असतात. ताटलीत तीन नेते. कण उरत नाही."

ओव्हनमधून बिस्किटं निघाली तेव्हा ती पावासारखी फुगली होती. बाजूनं पापुद्रे सुटले होते, मधूनमधून बेकनचे लालसर तुकडे डोकावत होते. वेल्डानं एक ग्वेनच्या हातावर ठेवलं. पहिल्या घासालाच ग्वेननं डोळे मिटले.

"वेल्डाबाई, रविवारी प्रवचनात माझे यजमान तुमच्याबद्दल बोलणार. नाही म्हणू नका. ज्या बाईनं तुम्हाला इतकं छळलं, तिच्यासाठी..."

"छे गं. कशाला माझं नाव."

"मी वर येऊन त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणू?"

"नाश्त्याच्या वेळी नको," वेल्डा हळूच म्हणाली. "मानी आहेत त्या. अशा वेळी कुणी बघितलेलं त्यांना सोसायचं नाही. पुढच्या वेळी दुपारची ये."

ग्वेननं तिला घट्ट मिठी मारली. तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत वेल्डा ओसरीवर हात हलवत उभी राहिली. मग तिनं हात धुतले, ताटलीत तीन बिस्किटं घेतली, लोण्याची वाटी ठेवली आणि जिना चढली.

ऑर्फा टक्क जागी होती. वेल्डानं खुर्ची पलंगाला अगदी भिडवली. एक बिस्किट मधोमध उकललं, वाफेवर लोणी सोडलं आणि ते म्हातारीच्या नाकाखाली धरलं.

"बघा बरं मम्मा, आज सेज बेताचं आहे ना?"

ऑर्फाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ओठ उघडले.

"जिभेवर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "पोरी, पाया पडते. नुसतं जिभेवर ठेव."

"असं काय करता? डॉक्टर काय म्हणालेत? घशाखाली कण गेला तरी जीव जाईल," वेल्डा म्हणाली. म्हातारीच्या पोटातल्या नळीला लावलेली पातळ दुधाची पिशवी तिनं नीट केली आणि बिस्किटाचा पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.