चोरी न झालेले आठ दिवस

“धाक बसला,” म्हणत बुधाजीने ठरावाची वही उघडली. कोळीवाड्याची बैठक देवळापुढे भरली होती. पलीकडे किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. आठ दिवसांत त्यातला एकही नाहीसा झाला नव्हता.

एरवी या गावात सुकत्या मासळीला राखण नसे. यंदा दिवाळीनंतर चोऱ्या सुरू झाल्या. आधी दंड ठरला. चोऱ्या वाढल्या. मग चोराचा फोटो धक्क्यावर लावायचं ठरलं. तरीही वाढल्या. शेवटी मागच्या बैठकीत बुधाजीने बजावलं, की जो सापडेल त्याची वलांडी उखडून टाकू, पुन्हा उभी करू देणार नाही. तेव्हापासून सगळं शांत होतं. आज तेच वहीत कायमचं लिहायचं होतं.

“वलांडी कशाला, चोरालाच मशीनला बांधून ओढू,” दयाराम म्हणाला. सगळे हसले. कोकिळाकाकी हसली नाही. ती पायरीवर सारखी चुळबुळत होती. तिला ना नवरा, ना होडी. एका वलांडीवर तिचं घर चाललं होतं.

दयाराम म्हणत होता ते मशीन वाळूत उभं होतं. होड्या किनाऱ्यावर ओढायला बुधाजीने ते दिवाळीत आणलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्याचा गिअर तुटल्यापासून जुनी पद्धत परत आली होती. होडी लागली की हाक जायची, बायामाणसं धावायची, दोराला हात लावायची. हात लावणाऱ्याच्या टोपलीत ओंजळभर मासळी पडायची. त्या ओंजळींवरून बुधाजी रोज कुरकुरत होता.

त्याने हात वर करायला सांगितलं. हात भराभर वर गेले. कितीतरी तळव्यांवर दोराचे लाल वळ होते. कोकिळाकाकीचे हात मात्र पदराखालीच राहिले.

“काकी, तुझा हात?”

ती उठली.

“बुधाजी, मशीन कवा चालू व्हनार?”

हिला मध्येच मशीन कुठून आठवलं, ते त्याला कळेना. म्हसळ्याहून मेकॅनिक निघालाय, उद्या होड्या मशीनवरच वर येतील, असं त्याने सांगितलं.

कोकिळाकाकीने एकदा वर गेलेल्या हातांकडे पाहिलं.

“मग परवापासून राखन ठेव.”