अन्न हाताळणाऱ्या व्यक्ती

रकाना चौथा. अन्न हाताळणाऱ्या व्यक्ती: एक, यशवंत.

कोळशावर भाजलेल्या चिकनची पहिली ऑर्डर पुढच्या महिन्यातल्या लग्नाची होती. त्यासाठी परवाना हवा, परवान्यासाठी डॉक्टरांचा दाखला आणि दाखल्यासाठी टायफॉइडची लस. दवाखान्यात यशवंतने बाही वर केली आणि पुन्हा खाली ओढली.

“अहो, निखारे हातानं उचलता नि सुईला घाबरता?” त्याची बायको शालन खिदळली. परवान्याचा अर्ज तिनेच भरला होता. “डोळे मिटा, अंगाई म्हणते.”

त्याने डोळे मिटले. टोचून झाल्यावर डॉक्टरांनी अर्ज वाचला. “मसाला कोण लावतं?”

“हीच की. तिच्या हाताशिवाय चव कुठली?”

“मग लस यांनाही. नाहीतर दाखला मिळणार नाही.”

शालनचं हसू मावळलं. पर्स उचलून ती हळूच दाराकडे सरकली. तिने अर्जात स्वतःचं नाव का गाळलं होतं, ते यशवंतला आत्ता उमगलं.

“अंगाई मी म्हणू का?” त्याने हात पुढे केला. निखाऱ्यांना न बधणाऱ्या त्या तळव्यात तिची नखं चांगलीच रुतली.

रकाना चौथा, दुरुस्तीसह: एक, यशवंत. दोन, शालन.