पहिला आलेला प्रोसेसर

"गुरुजी, पंखा फिरतोय, पण पडदा काळाच!" ईश्वरीनं पुन्हा बटण दाबलं.

वाचनालयाच्या पहिल्या संगणकासाठी गावानं वर्गणी दिली होती. प्रोसेसर मुलांनी निवडला. वेगाच्या चाचणीतले गुण भागिले किंमत, हे गणित गुरुजींनीच शिकवलेलं. त्यात पहिला आलेला प्रोसेसर घेतला आणि वर्गणी संपली.

दुकानदार फोनवर म्हणाला, "गुरुजी, त्याला स्वतःहून चित्र दाखवता येत नाही. म्हणून तर स्वस्त! वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. उघडलेला खोका मी परत घेत नाही."

गुरुजींनी फोन ठेवला.

"आमचं गणित चुकलं का?" ईश्वरीनं विचारलं.

"नाही गं बाळा. गणित बरोबर आहे."

तेवढ्यात बाहेर ओट्यावर सरपंचांनी संगणकाच्या उद्घाटनाचा नारळ फोडला. सगळं गाव टाळ्या वाजवू लागलं.