हरायचा सामना

चेंडू थेट छातीवर आला आणि मल्हारनं छाती बाजूला घेतली. तरी तो खांद्याला लागून माघारी गेलाच. लोकांनी शिट्ट्या मारल्या. "वा रं गोलकीपर!" मल्हारनं मनातल्या मनात त्या चेंडूला आणि आपल्या खांद्याला मिळून एकच शिवी दिली.

अकरा-अकरा. चार मिनिटं उरलेली. आणि आज त्याला काहीही करून हरायचं होतं.

रांजणगावच्या एका बंद पडलेल्या गोदामात हा खेळ चालायचा. लॅक्रॉस त्याचं नाव. टोकाला जाळी लावलेल्या काठ्या, मुठीएवढा टणक रबरी चेंडू, दोन्हीकडं सहा-सहा माणसं. जाळीनं चेंडू झेलायचा आणि जाळीनंच समोरच्याच्या गोलात भिरकवायचा. चौफेर छातीएवढ्या फळ्या ठोकलेल्या, वर पत्रा, दाराला बाहेरून कडी. चेंडूला बाहेर जायला वाट नाही, आणि खेळणाऱ्यालाही नाही.

शिरूरच्या संघाचे मालक हौसराव. बागायतदार माणूस, तालुक्यात शब्दाला वजन. मल्हार तेव्हा कंपनीत दुसऱ्या पाळीला होता. "पगारी गोलकीपर हो," असं हौसराव म्हणाले आणि यानं सही ठोकली. एवढ्या मोठ्या माणसानं पुढं केलेला कागद त्याच्यादेखत वाचत बसायचं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं. त्यामुळं कागद वाचला तो पहिल्या सामन्यानंतर. हंगाम संपेस्तोवर मुक्काम गोदामाच्या माळ्यावर. शेवटचा, म्हणजे आजचा, सामना जिंकला तर करार आपोआप तीन वर्षं पुढं. हरला तर त्याच दिवशी मोकळा. मुद्दाम हरला असं कळलं तर पाच वर्षं.

आठ महिने तो माळ्यावर राहिला. मामाच्या मयताला एक तासाची सुटी मिळाली, तीही हौसरावांच्या गाडीतून, दोन्ही अंगाला दोन माणसं बसवून. या आठ महिन्यांत त्यानं इतके गोल अडवले की नाशिककडचा एक नामी नेमबाज खेळ सोडून भजनी मंडळात टाळ कुटायला लागला. रात्री आढ्यावरून पाल पडली तरी झोपेतच मल्हारचा हात वर जायचा. हाताला सवयच तशी.

आणि तिकडं भांडगावच्या माळावर त्याचा बाप हरिबा दोनशे मेंढरं धरून थांबला होता. दिवाळी झाली होती. सोमवारी मेंढरं घाट उतरून कोकणाकडं निघणार. हरिबाचे गुडघे गेलेले, यंदा त्याला कळपामागं चालवणार नव्हतं. मल्हार आला तर कळप मल्हारचा. नाही आला तर चुलत्याची पोरगी प्रगती काठी घेऊन तयारच होती. "आबा, रैवारी या," मल्हारनं फोनवर सांगितलं होतं, "सामना झाला की तुमच्यासंगंच निघतो." तसा हरिबा सकाळीच आला होता. तिसऱ्या रांगेत त्याचं पागोटं दिसत होतं. हा खेळ तो जन्मात पहिल्यांदा बघत होता.

समोरच्या दौंडच्या संघातल्या पोरांना मात्र नेम कशाशी खातात ते माहीत नव्हतं. मल्हार डावीकडं सरकला की चेंडू डावीकडंच यायचा. उजवीकडं पळाला की उजवीकडं. शेवटी तो बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकला, तर चेंडू पाठीत बसून पार पलीकडच्या फळीवर गेला. लोक उभे राहून टाळ्या पिटायला लागले.

दौंडचा कप्तान दत्ता रडकुंडीला आला. "मल्हारदादा, आता पाठीनं बी आडवाय लागला व्हय? आमाला बी जरा जगू द्या की!"

"मंग नीट मार की लेका," मल्हार दात खाऊन पुटपुटला. "डोळं हायत का शर्टाची बटनं?"

वीस सेकंद राहिले. दत्तानं डोळे मिटले आणि काठी फिरवली. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीनं, वरातीतल्या म्हाताऱ्यासारखा रमत गमत आला. मल्हारचा हात सवयीनं उचलला गेला. त्यानं तो दुसऱ्या हातानं दाबून धरला आणि गोलाच्या खांबाला पाठ लावून उभा राहिला. चेंडू त्याच्या पुढून आत गेला. भोंगा वाजला.

दौंडची पोरं नाचायला लागली. हौसराव आले, त्यांनी घडी घातलेला कागद मल्हारच्या हातात ठेवला. "नशीब म्हनायचं, दुसरं काय. करार संपला. जा बाबा." त्यांचा आवाज बसला होता.

दाराची कडी निघाली. आठ महिन्यांनी मोकळं ऊन तोंडावर आलं. मल्हार हेल्मेट फेकून पळतच बाहेर आला. हरिबा दारातच उभा होता.

"आबा, सुटलो! चला, भांडगावला जाणारा टेम्पो धरू."

हरिबा जागचा हलला नाही. लेकाकडं त्यानं बघितलंही नाही.

"प्रगतीला फोन केला आत्ता," तो म्हणाला. "मेंढरं ती नेतीय."

"आबा!"

"हातात काठी हुती. समोरून येनारं दिसत हुतं. आन् तू अंग चोरून वाट दिलीस, मल्ह्या. घाटात लांडगा आला तर त्याला बी अशीच देशील."

"आबा, ते मी मु—" मल्हारनं बोलता बोलता मान वळवली. हौसराव पाठीशीच उभे होते. मुद्दाम म्हटलं की पाच वर्षं.

हरिबानं पागोटं काढून काखेत धरलं आणि हौसरावांपुढं हात जोडले.

"मालक, पोरगं अजून कच्चं हाय. आनखी तीन वर्सं ठिवून घ्या. आडवायला शिकलं, की न्यायला मी सवता येतो."