पेटीतला पंप

टेंभुर्णीच्या डॉक्टरनं नंदाबाईच्या चार वर्षांच्या शेवंतीला दम्याचा पंप दिला होता. सासूनं, झुंबरबाईनं, तो पेटीत घालून कुलूप लावलं.

“लेकराला पंपाची सवय लागंल. बिब्ब्याचा चटका बास हाय.”

सुगीत शेवंती गेली.

तेव्हापासून दुपारी पेटीतून तिच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू यायची. मागोमाग पंपाचा फुस्स आवाज यायचा आणि शिट्टी थांबायची. दोघीही ऐकायच्या.

आज शिट्टी वाजली, पण फुस्स आवाज आलाच नाही.

नंदाबाईनं सासूच्या कमरेची किल्ली ओढून पेटी उघडली. कुणीच न वापरलेला पंप कानाशी हलवून पाहिला. तो रिकामा होता.

“आत्याबाई, आता काय देऊ तिला?”

पेटीतली शिट्टी वाढतच चालली होती.